गणपूर्तीची सही

"कुंदा, अकरा सह्या कमी पडतायत," मोकाशीसर म्हणाले आणि सभेची वही त्यांनी माझ्याकडं सरकवली. "आज-उद्यात फिरून करून आण."

मी वही उघडली. पानाच्या डोक्यावर तारीख होती, 'वार्षिक सर्वसाधारण सभा' एवढी एक ओळ होती आणि त्याखाली निम्मं पान कोरं. मग चौदा सह्या.

"आणि वरचा मजकूर?"

"तो मी निवांत लिहितो. दरवर्षी काय वेगळं असतं? मागचं इतिवृत्त वाचून कायम केलं, अध्यक्षांचे आभार मानले, चहापान झालं, सभा संपली."

मी हसले. खरंच काही वेगळं नसायचं. बेलवंड्याच्या सार्वजनिक वाचनालयाच्या सभेला कधी माणसं भरली नाहीत. रविवारी चौदा जण आले होते, त्यातले चार पेपर वाचायला आलेले आणि बटाटेवड्याच्या वासानं थांबलेले. गणपूर्तीला पंचवीस सह्या लागत. मग सभेनंतर ग्रंथपालानं वही पिशवीत घालून घरोघरी जायचं आणि राहिलेल्या सह्या आणायच्या, अशी पद्धत माझ्या आधीपासून होती. लग्नाला जाता आलं नाही तर माणसं मागाहून आहेर पोचवतात, तितकंच ते सरळ वाटायचं. यात काही खोटं आहे असं गावात कुणाला वाटत नव्हतं आणि मलाही वाटलं नाही.

शिवाय सांगणारे मोकाशीसर होते. वाचनालयाचे कार्यवाह ते नंतर झाले, आधी ते माझे दहावीचे सर. वडिलांनी माझं शिक्षण बंद केलं तेव्हा ग्रंथालय प्रमाणपत्र वर्गाचा फॉर्म घेऊन ते स्वतः आमच्या घरी आले होते. "पोरीला सहा महिने द्या, पुढचं मी बघतो," म्हणाले, आणि बघितलंही. बाविसाव्या वर्षी मी ग्रंथपालाच्या खुर्चीत बसले. सरांनी विहिरीत उडी मार म्हटलं असतं तर मी मारली नसती, पण काठापर्यंत जाऊन "कुठल्या बाजूनं?" एवढं नक्की विचारलं असतं.

दहा सह्या त्याच संध्याकाळी झाल्या. सगळी सरांच्या आणि अध्यक्षांच्या ऊठबशीतली माणसं, कुणी पान वर करूनसुद्धा बघितलं नाही. अकरावी सही मी मुद्दाम दुसऱ्या दिवसासाठी ठेवली होती. ती केराबाईंची.

केराबाई माळवदे यांची बाजारपेठेत चुरमुऱ्याची भट्टी होती. त्या वाचनालयात पहिल्यांदा आल्या त्या पुस्तकासाठी नव्हे, संडाससाठी. आमच्या बाजारात बायकांसाठी तशी सोय नव्हती. भाजीवाल्या, बोहारणी, भट्टीवाल्या सकाळी यायच्या त्या संध्याकाळपर्यंत कळ काढत बसायच्या, पाणी पीत नसत. वाचनालयाचा महिला वाचनकक्ष तळमजल्यावर, अगदी रस्त्याला लागून, आणि त्याच्या मागं नळ आणि संडास. केराबाई दारात उभं राहून म्हणाल्या होत्या, "बाई, मला वाचाय येत न्हाई. आत येऊ का?" मी या म्हटलं. प्रमाणपत्र वर्गाच्या वेळी सरांनीच शिकवलेलं मला पाठ होतं, की सार्वजनिक वाचनालयात येणाऱ्याला कशाला आलास म्हणून विचारायचं नाही.

हळूहळू दुपारी एक ते तीन या वेळात आठ-दहा जणी येऊ लागल्या. पंख्याखाली बसायच्या, पाय लांब करायच्या. मी मोठ्यानं पेपर वाचायचे. मग केराबाई मथळ्यांवर बोट ठेवून "ह्यो क का?" विचारू लागल्या. त्यांना आधी बाजारभावाचं पान वाचता येऊ लागलं, मग निधनवार्ता, मग बाकीचं. मला ओशाळायला होईल इतक्या चिकाटीनं त्या शिकल्या. सभासदही झाल्या. अर्ज भरला तेव्हा अक्षरं नुकती लागत होती, म्हणून अर्जावर अंगठाच उमटवला. सही गिरवायला त्यांनी पुढं वर्षभरानं घेतली, तीही घरी, नातवाच्या पाटीवर. कागदावर अजून कुठं केली नव्हती. रोजच्या वाचकांच्या वहीत सगळ्यांची नावं मीच माझ्या हातानं लिहून टाकत असे.

म्हणून मला वाटलं, त्यांची पहिली सही वाचनालयाच्या सभेच्या वहीत व्हावी. माझ्या हौसेला काही मोल नाही.

भट्टीवर धग मारत होती. मी वही पाटावर ठेवली, पेन दिलं.

"कशावर सई ही?"

"सभेला हजर होता, असं."

"पन मी हुते कुठं हजर?"

"तसंच असतं हो ते. सगळे करतात. आकडा भरायला लागतो."

"वर तर कायच लिवल्यालं न्हाई."

"सर लिहिणार आहेत."

"सर लिवनार म्हंजी बरूबरच आसंल," त्या म्हणाल्या आणि हात पदराला पुसून घेतले. दोनदा पुसले. मग 'केराबाई' लिहिलं, थांबल्या, श्वास घेतला आणि 'माळवदे' लिहिलं. ळ जरा फुगला. त्यांनी वही लांब धरून बघितली, नातवाला हाक मारून दाखवली, शेजारच्या दुकानदाराला दाखवली. मला पैसे न घेता मापभर चुरमुरे बांधून दिले. मी वाटेत खात खात वाचनालयात आले आणि वही सरांच्या कपाटात ठेवली. त्या दिवशी माझ्यासारखी सुखी बाई बेलवंड्यात दुसरी नसेल.

महिन्याभरानं, एका सोमवारी, महिला कक्षाच्या दारावर कागद चिकटवलेला दिसला. येत्या एक तारखेपासून कक्ष बंद. मी कुलूप उघडायला आले होते, किल्ली हातात तशीच राहिली. मी वरच्या मजल्यावर सरांकडं गेले.

"सर, हे कुणी लावलं?"

"मीच. बस."

"बायका कुठं जातील?"

"बघू, वर कुठंतरी जागा करू. ठराव झालाय त्याचा." त्यांनी वही काढून माझ्यापुढं उघडली. कोरं होतं ते निम्मं पान आता त्यांच्या सुंदर, मोत्यासारख्या अक्षरात भरलेलं होतं. तळमजल्याचं दालन अध्यक्षांच्या जावयाच्या शिकवणी वर्गाला वापरायला द्यावं, महिला कक्षाचा वापर नगण्य असल्यानं तो बंद करावा, ठराव सर्वानुमते मंजूर. खाली पंचवीस सह्या. शेवटची, फुगलेल्या ळची.

"सर, हे असलं काही सभेत झालंच नाही."

"कुंदा, अध्यक्षांचं ऐकावं लागतं. त्यांच्याशिवाय ही इमारत उभी राहिली असती का?"

"पण मी सह्या आणल्या त्या हजेरीच्या. तुम्ही मला चहापान सांगितलंत."

"चहापान पण लिहिलंय. शेवटी आहे बघ." ते हसले नाहीत, पण मला ते हसल्यासारखे वाटले. मग आवाज खाली आला. "हे बघ. अक्षर माझं आहे, पण सह्या तू आणल्यास. कोऱ्या पानावर. उद्या कुणी विचारलं तर पहिलं कुणाला विचारतील? मी तुला सांभाळतोय पोरी. तू फक्त गप्प राहा."

केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. आणि तरी मी खाली मान घालून जिना उतरले. नोकरीवर घर चालत होतं, एवढंच कारण नव्हतं. सरांच्या तोंडावर तुम्ही खोटं केलंत म्हणायला माझी जीभ उचलली नाही. आजही मला त्याचीच जास्त लाज वाटते.

दुपारी केराबाई आल्या. दारावरचा कागद त्यांनी स्वतः वाचला, अडखळत, पण पूर्ण.

"ठरावानुसार म्हंजी? कुनाचा ठराव?"

"सभेचा."

"ज्या सभंला मी सई केली, त्या?"

मी मान डोलावली.

"वही दावा मला. मी सभासद हाय."

सर जेवायला गेले होते. मी कपाटातून वही आणली. केराबाईंनी बोट ठेवून एकेक ओळ वाचली. 'नगण्य' पाशी अडल्या. मला अर्थ विचारला. मी सांगितला, मोजण्याइतकंसुद्धा नाही असं. त्या पुढं वाचत गेल्या आणि स्वतःच्या नावावर येऊन थांबल्या.

"म्हंजी मीच लिवलं, की आमी मोजन्यासारख्या न्हाई."

"केराबाई, मला माहीत नव्हतं."

"तुमास्नी म्हाईत नव्हतं. मला तर वाचाय येत हुतं, तरी मी कोऱ्या कागदावर केली." त्यांनी वही मिटली. "पर मी तुमच्याकडं बघून केली, बाई."

त्यांनी गप्प बसायचं ठरवलं नाही. तहसील कचेरीसमोरच्या अर्ज लिहिणाऱ्याकडून तक्रार लिहून घेतली आणि ती जिल्ह्याच्या ग्रंथालय अधिकाऱ्यांना पाठवली. तिच्यावर नावं बाजारातल्या नऊ बायकांची होती, नऊच्या नऊ अंगठे. केराबाईंनीही त्या दिवशी बाकीच्यांच्या बरोबरीनं अंगठाच दिला. "सगळ्या एकसारक्या दिसूद्यात," असं म्हणाल्या होत्या, हे मला मागाहून कळलं. वरून पत्र आलं, अधिकारी स्वतः चौकशीला येणार. तोपर्यंत कक्ष उघडा ठेवा.

आदल्या संध्याकाळी त्या माझ्या घरी आल्या. आत आल्या नाहीत.

"उद्या सायबाला खरं सांगा. भट्टीवर येऊन सई घेतली, वर कोरं हुतं. येवडंच. दुसरं काय मागत न्हाई मी."

"सांगते," मी म्हटलं. मनापासून म्हटलं. रात्री दोनदा आरशासमोर उभं राहून म्हणूनही बघितलं.

चौकशी वरच्या सभागृहात झाली. अधिकारी मध्यम वयाचे, शांत, चष्मा कपाळावर ढकलून कागद बघणारे. सह्या केलेल्यांना एकेकाला बोलवत होते. तुमची सही? हो. सभेला हजर होतात? हो. तेवीस जणांनी मान डोलावली. राहिले दोघं, मी आणि केराबाई. कारण पंचवीसातली एक सही माझी होती. मला आधी बोलावलं.

"ग्रंथपाल ना तुम्ही? सभा झाली तेव्हा ही सगळी मंडळी इथं होती? ठराव वाचून दाखवला होता?"

मी सरांकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत होते. रागानं नाही. दहावीच्या वर्गात फळ्याजवळ बोलावल्यावर बघायचे तसे, तुला येतंय, सांग, अशा नजरेनं.

"हो," मी म्हटलं.

"सगळे हजर होते?"

"हो, साहेब."

मागं भिंतीला टेकून केराबाई उभ्या होत्या. मी वळून बघितलं नाही. पण त्यांच्या बांगड्या वाजल्या ते ऐकलं.

"केराबाई माळवदे," साहेबांनी पुकारलं. "तक्रार तुमचीच आहे आणि ठरावावर सहीही तुमचीच. हे कसं?"

केराबाई पुढं आल्या. वहीवर वाकल्या. ज्या सहीसाठी नातवाला हाक मारली होती, तिच्याकडं त्या किती वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, आता सगळं सांगतील, भट्टी, कोरं पान, मी. भीती होती, पण एकीकडं सुटल्यासारखंही वाटत होतं. त्यांनी सांगितलं की मग मीही हो म्हणून टाकीन, असं मी तेवढ्यात ठरवूनसुद्धा टाकलं.

"ही सई माजी न्हवं," केराबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"मला सई येत न्हाई, सायेब. मी आंगठं भाद्दर हाय."

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "सभासद अर्ज काढा यांचा."

अर्ज मीच काढून दिला. अर्जावर अंगठा होता, साक्षीदार म्हणून माझं नाव. तक्रारीच्या अर्जावरही अंगठाच. साहेबांनी वही आणि दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवले, मग स्टॅम्पपॅड पुढं सरकवलं आणि जबाबावर केराबाईंचा अंगठा घेतला. निळा, नीट, गोल. अंगठा उचलताना त्यांनी माझ्याकडं एकदाच बघितलं.

"म्हणजे ही सही कुणीतरी दुसऱ्यानं केलीय," साहेब म्हणाले. "सह्या गोळा कोण करतं?"

आणि मोकाशीसर उभे राहिले. माझे सर. "साहेब, ते काम ग्रंथपालांकडं असतं. आम्ही वही त्यांच्या हाती देतो, विश्वासानं. मधल्यामध्ये काय होतं, ते आम्हाला कसं कळणार?" त्यांनी हात झटकले. अगदी खरोखर झटकले, खडूची भुकटी झटकावी तसे. "मुलगी माझी विद्यार्थिनी आहे, म्हणून मला जास्त वाईट वाटतं."

दहा मिनिटांपूर्वी मी याच माणसासाठी खोटं बोलले होते. आता खरं बोलायला तोंड उघडलं तर कुणी ऐकणार नव्हतं, कारण मीच 'सगळे हजर होते' म्हणून सांगून बसले होते. मी म्हटलं, "सर, तुम्हीच..." आणि पुढं शब्द फुटला नाही. रडू फुटलं. रडणारी बाई गुन्हेगारच दिसते.

ठराव रद्द झाला. महिला कक्ष जसा होता तसा चालू ठेवायचा, आणि इथून पुढं येणाऱ्या प्रत्येक वाचकानं रोजच्या वहीत स्वतःच्या हातानं सही नाहीतर अंगठा करायचा, असा आदेश साहेब तिथल्या तिथं लिहून गेले. सरांनी माझ्याकडून राजीनामा लिहून घेतला. "पोलिसात जाऊ देत नाही मी हे," असं वर म्हणाले. म्हणजे उपकारही तेच करून मोकळे झाले.

मी खाली आले. मागच्या नळावर केराबाई अंगठा धूत होत्या. शाई निघत नव्हती.

"केराबाई, मला खोट्या सह्या करणारी ठरवलंत तुम्ही."

त्या घासत राहिल्या.

"तुम्हाला सही येते. उभ्या बाजारानं बघितलीय. खरं का नाही सांगितलंत? भट्टीवर घेतली म्हणून?"

"तेच सांगाय आले हुते मी." त्यांनी नळ बंद केला. "तुमी 'हो' म्हनालात. शिकलेली बाई हो म्हनल्यावर भट्टीवालीच्या खऱ्याला कोन इचारतंय? सई माजी हाय म्हनले असते, तर ठराव माजाच झाला असता."

"पण माझं काय झालं ते बघितलंत ना?"

"बगितलं की." त्या पदराला हात पुसत माझ्यासमोर उभ्या राहिल्या. डोळे भरलेले होते, पण आवाज नाही. "तुमी माजा घात केलासा, मी तुमचा केला. माजा तुमी आधी केलासा, येवडंच."

आणि कक्षात जाऊन बसल्या. एक वाजला होता, बाकीच्या बायका यायला लागल्या होत्या.

त्यानंतर मी बसस्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान टाकलं. चाललं. लोक काही दिवस हसले, 'सह्यांची पण झेरॉक्स काढता का' म्हणून, मग विसरले. मी विसरले नाही. सरांना रस्त्यात ओळख दिली नाही आणि केराबाईंच्या भट्टीवरून गेले नाही, लांबचा वळसा घालत राहिले. खरं सांगायचं तर सरांपेक्षा केराबाईंचाच राग मला जास्त वर्षं पुरला. सरांवर रागवायला मला हक्क होता, त्यांच्यावर नव्हता, म्हणून असेल.

अकरा वर्षांनी मोकाशीसर गेले. ते असेपर्यंत वाचनालयाची पायरी चढायची नाही असं ठरवलं होतं. त्यांचा तेरावा झाल्यावर एका दुपारी मी दुकान बंद केलं आणि गेले. कक्ष तिथंच होता, रस्त्याला लागून. पंखे नवीन आले होते. दारापाशी टेबलावर नवी ग्रंथपाल, पंचविशीची, तिला माझं नावसुद्धा माहीत नव्हतं.

"वाचायला आलात? या ना. आधी इथं सही करा."

आत दहा-बारा बायका होत्या आणि मध्ये केराबाई, केस पूर्ण पांढरे, पेपर मोठ्यानं वाचत होत्या. कुठं अडत नव्हत्या. धरणातल्या पाणीसाठ्याची बातमी आकड्यांसकट वाचली, तिच्यावर स्वतःचं मत दिलं आणि पान उलटलं. माझ्याकडं त्यांचं लक्ष गेलं. वाचणं क्षणभर थांबलं, मग पुन्हा सुरू झालं.

मी वहीकडं बघितलं. आजच्या तारखेखाली सह्या होत्या, काही वेड्यावाकड्या, काही ऐटदार, आणि चौथ्या ओळीत एक निळा अंगठा. मी मागचं पान उलटलं. तिथंही सह्या आणि एक अंगठा. त्याच्या मागच्या पानावरही.

"त्या मावशींचा आहे," मुलगी हळूच म्हणाली आणि केराबाईंकडं बोट केलं. "काय झरझर वाचतात बघा. इथल्या चार-पाच जणींना सही त्यांनीच शिकवलीय. पण स्वतः काही करत नाहीत. मी किती मागं लागले, म्हटलं मावशी, हात धरून गिरवून घेते. तर म्हणतात, सरकारी सायबाला एकदा सांगितलंय येत न्हाई म्हनून, आता खोटं कसं पाडू?"

मी पेन घेतलं आणि त्या पानावर खालच्या रिकाम्या ओळीत माझी सही केली.